वडिलांना पॅरालिसिस झालाय, टॅक्समध्ये काय काय मिळेल?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. पुण्यात प्रायव्हेट नोकरी, पगार वर्षाला १६ लाख, वडील ७२ वर्षांचे, दोन वर्षांपूर्वी स्ट्रोक येऊन उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं, आई ६८ ची, दोघंही तुमच्याकडेच राहतात, वडिलांना ईपीएसची महिन्याला २,८०० रुपये पेन्शन आहे, मेडिक्लेम दोघांचाही नाही, भाऊ न्यू जर्सीला असतो आणि अधूनमधून पैसे पाठवतो. आणि एचआरने सांगितलं की तुम्हाला नवी रिजिम (टॅक्स मोजायची नवी पद्धत) लागलीये, आईवडिलांचं काहीही मिळणार नाही.

एचआरचं अर्धं बरोबर आहे. नव्या रिजिममध्ये ८०डी, ८०डीडी, ८०डीडीबी, ८०यू या आजार-अपंगत्वाच्या वजावटींतलं काहीच मिळत नाही, स्टँडर्ड डिडक्शन ७५,००० आणि कंपनीने भरलेला एनपीएस सोडला तर पगारदार माणसाला तिथे फारसं काही उरत नाही. पण २०२३-२४ पासून नवी रिजिम डिफॉल्ट झाली म्हणजे सक्तीची झाली असं नाही. तुमचा धंदा-व्यवसाय नाहीये, फक्त पगार आहे, तर रिटर्न भरताना तुम्ही जुनी रिजिम निवडू शकता, कंपनीने टीडीएस कुठल्याही रिजिमने कापला असला तरी. अट एकच, रिटर्न मुदतीच्या आत गेलं पाहिजे. मुदत चुकली की जुन्या रिजिमचा दरवाजा बंद, आणि मग खालचं सगळं वाचून काही उपयोग नाही. ज्यांचा व्यवसाय आहे त्यांना वेगळा फॉर्म १०-आयईए भरावा लागतो आणि त्यांना दरवर्षी इकडून तिकडे उड्या मारता येत नाहीत, ते त्यांनी आपल्या सीएशी बोलून ठरवावं.

आता मुख्य गोष्ट. ८०डीडी हे कलम आहे अपंग असलेल्या आणि आपल्यावर अवलंबून असलेल्या माणसाच्या सांभाळाचं. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर ७५,००० आणि ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,००० सरसकट वजावट. सरसकट म्हणजे खरोखर सरसकट, तुमचा खर्च २०,००० झाला तरी तेवढीच आणि चार लाख झाला तरी तेवढीच. बिलं जोडायची नाहीत, हिशोब द्यायचा नाही, फक्त खर्च तुम्ही करताय एवढं खरं असलं पाहिजे. रात्रीची आया, ब्यूरोतून येणारे मामा, डायपर, व्हीलचेअर, हवेची गादी, ज्या खर्चाला कुठल्याच मेडिकल बिलात जागा मिळत नाही तो सगळा याच्यात धरलेला आहे. घरी असा पेशंट असलेल्यांना माहितीये की औषधांपेक्षा हाच खर्च जास्त असतो, म्हणून मला हे कलम फार महत्त्वाचं वाटतं आणि ते इतके लोक सोडून देतात याचं वाईट वाटतं.

यात कोण कोण येतं? नवरा-बायको, मुलं, आईवडील, सख्खे भाऊबहीण. सासूसासरे नाहीत. जावयाने सासऱ्यांचं सगळं केलं तरी त्याच्या रिटर्नमध्ये ८०डीडी बसत नाही, पण त्याची बायको कमावती असेल तर ती स्वतःच्या वडिलांसाठी घेऊ शकते, लग्न झालेल्या मुलीला हा हक्क नाही असं कायद्यात कुठेही नाही. तेव्हा तुमच्या बायकोच्या आईवडिलांपैकी कुणाला असं काही असेल तर ते तिच्या रिटर्नमध्ये बघा आणि खर्चही तिच्याच खात्यातून जाऊ दे. ८०डीलाही हेच लागू, सासूच्या मेडिक्लेमचा हप्ता जावयाने भरला तर तो वायाच गेला म्हणायचा टॅक्सच्या दृष्टीने.

'अवलंबून' म्हणजे नक्की किती हे सगळेच विचारतात. कायद्यात रकमेची मर्यादा नाहीये, शब्द एवढेच आहेत की पूर्णपणे किंवा मुख्यत्वे तुमच्यावर अवलंबून. वर्षाला ३३,६०० रुपये पेन्शन असलेला आणि बिछान्याला खिळलेला माणूस मुख्यत्वे मुलावर अवलंबून आहे हे कुणालाही पटेल, त्यामुळे तुमच्या बाबतीत मला काळजी वाटत नाही. पण हेच वडील सरकारी नोकरीतून रिटायर झालेले असते आणि ४०-४५ हजार पेन्शन असती तर मी तुम्हाला ८०डीडी घेऊ नका म्हटलं असतं. तिथे मग वडिलांनी स्वतः ८०यू घ्यायचं, तेवढेच पैसे, ७५,००० किंवा १,२५,०००, फक्त त्यांच्या रिटर्नमध्ये आणि तेही जुन्या रिजिममध्ये. एकाच माणसासाठी दोन्ही चालत नाही, वडिलांनी ८०यू घेतलं की मुलाचं ८०डीडी गेलं. तुमच्या वडिलांना टॅक्सच लागत नाही तर त्यांच्या नावाने उगाच ८०यू लावून रिटर्न भरू नका, फुकट तुमचा क्लेम अडकेल.

इथे एक गोष्ट जरा ठासून सांगते कारण दरवर्षी कुणीतरी यात सापडतं. टॅक्स वाचवायच्या दोन सल्ल्यांची आपसात मारामारी होते. एक सल्ला असतो की पैसे आईवडिलांच्या नावावर एफडीत ठेवा, त्यांना दिलेल्या गिफ्टवर क्लबिंग नाही, म्हणजे ते व्याज तुमच्या उत्पन्नात धरत नाहीत, आणि व्याज त्यांच्या हातात जवळजवळ टॅक्स फ्री. दुसरा असतो की वडिलांचं घर असेल तर त्यांना भाडं द्या आणि एचआरए घ्या. दोन्ही कायदेशीर आहेत. पण मग वडिलांच्या नावावर वर्षाला साडेतीन लाख व्याज दिसतं किंवा महिना २०,००० भाडं दिसतं, आणि त्याच वर्षी तुम्ही लिहून देता की हे माझ्यावर अवलंबून आहेत. वडिलांच्या एआयएसमध्ये (खात्याकडे असलेल्या त्यांच्या उत्पन्नाच्या नोंदीत) ते व्याज आहे, एचआरएसाठी तुम्ही त्यांचं पॅन दिलेलं आहे, सगळं एकाच खात्याच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. एक काहीतरी निवडा. बहुतेक वेळा रक्कम मांडून बघितली की कुठलं फायद्याचं ते लगेच दिसतं.

भावाच्या पैशांचं काय? भाऊ एनआरआय असल्यामुळे त्याला इथे ८०डीडी नाही, ते फक्त रेसिडेंट माणसाला आहे, ८०डीडीबीही तसंच. म्हणजे तुमच्यात भांडण नाही की कोण घेणार. पण तो जर दर महिन्याला खर्चाचा मोठा वाटा पाठवत असेल तर 'मुख्यत्वे तुमच्यावर' हे म्हणणं कच्चं पडतं, त्यामुळे प्रामाणिकपणे बघा की घर, जेवण, आया, औषधं यातला मोठा भार कोण उचलतं. अधूनमधून पाठवतो म्हणालात, म्हणजे तुम्हीच असणार. दोघंही भाऊ इथेच असते तर वजावट अर्धी अर्धी वाटता येत नाही, ज्याच्यावर मुख्य भार त्यानेच पूर्ण घ्यायची. ८०डी मात्र दोघांनी आपापल्या भरलेल्या रकमेपुरतं घेता येतं.

भाऊ विचारेलच की अमेरिकेत मला वडिलांना डिपेंडंट दाखवता येतील का, तर नाही. तिथे डिपेंडंट व्हायला माणूस अमेरिकेचा नागरिक किंवा अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोचा रेसिडेंट लागतो, पुण्यात राहणारे वडील त्यात बसत नाहीत, कितीही पैसे पाठवले तरी. ज्यांचे आईवडील ग्रीन कार्डवर तिकडेच राहतात त्यांचं वेगळं, तिथे अर्ध्याहून जास्त सांभाळ मुलाने केलेला पाहिजे आणि २०२५ साठी त्यांचं स्वतःचं उत्पन्न ५,२०० डॉलरच्या खाली पाहिजे, मग ५०० डॉलरचं क्रेडिट मिळतं, आणि आईवडिलांनी त्याच घरात राहिलं पाहिजे अशी अट नाही.

आता सर्टिफिकेट, सगळं इथेच अडतं. तुम्ही लिहिलंय की हॉस्पिटलची डिस्चार्ज समरी आणि एमआरआय आहे. ते चालत नाही. अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं, टक्केवारी लिहिलेलं, आणि आता ते यूडीआयडीच्या (अपंगांच्या ओळखपत्राच्या) स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सरकारी दवाखान्यातून मिळतं, जिल्ह्याच्या सिव्हिलला किंवा तुम्हाला जे सेंटर मिळेल तिथे. पोर्टलवर अर्ज करा, तारीख घ्या, वडिलांचं आधार, फोटो, जुने सगळे रिपोर्ट घेऊन जा. व्हीलचेअरवर नेता येत असेल तर सकाळी लवकर न्या आणि बरोबर दोन माणसं असू देत, एक रांगेत आणि एक त्यांच्याजवळ. अजिबात हलवता येत नसेल तर आधी जाऊन सोशल वर्करला भेटा आणि काय सोय होते विचारा. कार्ड पिवळं मिळालं तर ४० ते ८० च्या मधलं, निळं मिळालं तर ८० आणि वर, त्यावरूनच ७५,००० का १,२५,००० ते ठरतं.

प्रमाणपत्र परमनंट आहे का टेंपररी ते नीट वाचा. टेंपररी असेल तर त्यावर मुदत लिहिलेली असते, ज्या आर्थिक वर्षात ती संपते त्या वर्षापर्यंत क्लेम चालतो, पुढच्या वर्षी नवीन तपासणी करून नवीन सर्टिफिकेट. आणि ज्या वर्षाची वजावट घ्यायची त्या वर्षाच्या ३१ मार्चच्या आत सर्टिफिकेट हातात असावं असं मी सगळ्यांना सांगते, नंतरच्या तारखेवरून वाद घालत बसायला नको. फॉर्म १०-आयए, म्हणजे डॉक्टरांच्या दाखल्याचा आयकराचा फॉर्म, सगळ्यांना लागतो असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, तसं नाहीये. तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि एकापेक्षा जास्त प्रकारचं अपंगत्व असेल तिथे लागतो. नुसत्या पॅरालिसिसला नेहमीचं सर्टिफिकेट पुरतं, पण तपासणाऱ्या मेडिकल बोर्डाने चालण्याचं आणि बोलण्याचं धरून मल्टिपल लिहिलं तर १०-आयए पोर्टलवर भरावा लागेल, तो रिटर्नच्या आधी भरा कारण रिटर्नमध्ये त्याचा नंबर टाकायचा असतो.

बऱ्याच घरांत अडचण कागदाची नसतेच, वडीलच नाही म्हणतात. आयुष्यभर कमावलेला माणूस, त्याला अपंग असा शिक्का नको असतो, आणि मुलांनाही ते बोलायला जड जातं. मी काय सांगते की टॅक्सचं नाव काढूच नका. त्या कार्डावर एसटीत सवलत असते, सरकारी योजनांसाठी तेच कार्ड लागतं, हे सांगा. आणि खरं सांगायचं तर ऐकायला न येणाऱ्या, दिसायला कमी झालेल्या किती म्हाताऱ्या माणसांची तपासणी कधी झालेलीच नसते, 'वय झालं' म्हणून सोडून दिलेलं असतं. चांगल्या कानाने ६० डेसिबलच्या खालचं ऐकू येत नसेल तर ते कायद्याने अपंगत्व आहे. ग्लॉकोमाने नजर गेलेली आई, शुगरमुळे पाय कापावा लागलेले काका, यांची मुलं वर्षानुवर्षं पूर्ण टॅक्स भरतात कारण कुणी सांगितलंच नाही. काकांची मुलं म्हणतेय हं, पुतण्याला काकांसाठी घेता येत नाही.

दुसरं कलम ८०डीडीबी, ठराविक आजारांच्या उपचारांचं. पेशंट ६० च्या वर असेल तर १,००,००० पर्यंत, नाहीतर ४०,०००. हे सरसकट नाही, खरा खर्च लागतो, आणि इन्शुरन्सने किंवा कंपनीने जे दिलं ते वजा. आजारांची यादी नियमात दिलेली आहे, कॅन्सर, क्रॉनिक किडनी फेल्युअर, हिमोफिलिया, थॅलसेमिया, एड्स, आणि न्यूरोलॉजीतले काही, जसं पार्किन्सन्स, डिमेन्शिया, मोटर न्यूरॉन डिसीज, आणि या न्यूरोलॉजीवाल्यांना ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व लागतं. स्ट्रोक किंवा पॅरालिसिस या यादीत नाही! बायपासही नाही, गुडघेही नाहीत. पण अफेझिया आहे, म्हणजे मेंदूला मार लागून भाषा जाणं, आणि तुमच्या वडिलांचं बोलणं गेलंय. न्यूरोलॉजिस्टना, डीएम न्यूरोलॉजी असलेल्यांना, विचारा की वडिलांना अफेझिया आहे का आणि त्याची पातळी ४० टक्के किंवा जास्त आहे का. असेल तर त्यांच्या प्रिस्क्रिप्शनवर आजाराचं नाव, पेशंटचं नाव-वय, डॉक्टरांचं नाव, पत्ता, रजिस्ट्रेशन नंबर आणि डिग्री असं सगळं लिहून घ्या. नसेल तर लिहून मागू नका. जीभ जड झाल्यामुळे शब्द नीट न येणं हे वेगळं असतं, ते डॉक्टरांनाच ठरवू दे. ८०डीडी आणि ८०डीडीबी एकाच वडिलांसाठी एकाच वर्षी दोन्ही घेता येतात, दोन्हींचा हेतू वेगळा आहे.

तिसरं ८०डी, यात अवलंबून असण्याची अटच नाही. ६० च्या वरच्या आईवडिलांचा मेडिक्लेम असेल तर हप्ता, नसेल तर औषधपाण्याचा खर्च, ५०,००० पर्यंत, दोघांचे मिळून. या वयात आणि स्ट्रोकनंतर पॉलिसी देतंय कोण, म्हणून ही सोय आहे. पैसे कॅशने द्यायचे नाहीत, यूपीआय, कार्ड, चेक काहीही चालेल, फक्त ५,००० पर्यंतचं प्रिव्हेंटिव्ह चेकअप कॅशने चालतं. तुम्ही असं करा, आईची बीपी-शुगरची औषधं, डोळ्यांचं ऑपरेशन झालं असेल तर ते, हे ८०डीत घ्या, आणि वडिलांची न्यूरोची औषधं, फिजिओ, स्पीच थेरपी हे ८०डीडीबीत ठेवा. एकच बिल दोन्हीकडे लावू नका. मेडिकलवाल्याला सांगून ठेवा की बिल पेशंटच्या नावाने कर, तुमच्या नावाने नको.

आता आकडे मांडू, २०२५-२६ चे, तुमचा पगार १६ लाख आणि तुम्ही लिहिलंय तसं होमलोनचं व्याज दोन लाख आणि ८०सी (पीएफ, विमा वगैरे) पूर्ण भरलेलं. नव्या रिजिममध्ये ७५,००० वजा करून १५,२५,००० वर टॅक्स सेससकट १,१३,१०० येतो. जुन्या रिजिममध्ये स्टँडर्ड ५०,०००, ८०सी दीड लाख, व्याज दोन लाख, तुमचा स्वतःचा मेडिक्लेम २५,०००, आईवडिलांचे ५०,००० आणि ८०डीडीचे १,२५,०००, एकूण सहा लाख वजा होऊन १० लाख उरतात, टॅक्स १,१७,०००. म्हणजे एवढं सगळं करूनही नवी रिजिम ३,९०० ने स्वस्तच! म्हणून मी म्हणते की आधी गणित करा, मग धावपळ. आता यात ८०डीडीबीचे एक लाख आले तर टॅक्स ९६,२०० होतो आणि जुनी रिजिम १६,९०० ने फायद्याची ठरते. कार्डावर ८० च्या खाली टक्केवारी आली आणि ८०डीडी ७५,००० च मिळाले तर टॅक्स १,०६,६००, फायदा ६,५०० चा. होमलोन नसतं तर जुन्या रिजिमचा विचारही करू नका म्हटलं असतं. ज्यांचा पगार पावणेतेरा लाखांच्या आत आहे आणि दुसरं काही उत्पन्न नाही त्यांना नव्या रिजिममध्ये टॅक्सच शून्य आहे, त्यांनी यात पडूच नये, सर्टिफिकेट मात्र तरीही काढावं.

रिटर्न भरताना आता नुसता आकडा टाकून चालत नाही. ८०डीडीच्या शेड्यूलमध्ये अपंगत्वाचा प्रकार, नातं, वडिलांचं पॅन, आधार, यूडीआयडी नंबर विचारतात, ८०डीडीबीमध्ये आजाराचं नाव विचारतात. हे उगाच नाही आलेलं. २०२५ च्या जुलैत खात्याने खोट्या वजावटींवर देशभर तपासणी केली त्यात ८०डी आणि ८०डीडीबीही होतं, रिफंड मिळवून देतो म्हणणाऱ्या एजंटांनी लोकांना न विचारता आजार लावून टाकले होते. खोटा क्लेम पकडला गेला तर चुकवलेल्या टॅक्सच्या दुप्पट दंड होऊ शकतो. तुमचं सगळं खरं आहे, त्यामुळे घाबरायचं कारण नाही, फक्त सर्टिफिकेट, प्रिस्क्रिप्शन, बिलं आणि बँक स्टेटमेंट एका फाइलमध्ये ठेवा, रिटर्नला काही जोडायचं नसतं पण नोटीस आली तर मागतात. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झालाय, त्यात कलमांचे नंबर बदललेत, त्यामुळे २०२६-२७ साठी एचआरच्या फॉर्मवर ८०डीडी हे नाव दिसलं नाही तर गोंधळू नका.

शेवटचा तुमचा प्रश्न की स्ट्रोकनंतरच्या मागच्या दोन वर्षांचे पैसे आता मिळतील का. सर्टिफिकेटच नव्हतं तर ८०डीडी नाही. अपडेटेड रिटर्न चार वर्षांपर्यंत भरता येतं असं कुणी सांगेल, पण ते टॅक्स जास्त भरायचा असेल तेव्हाच, रिफंड वाढवायला किंवा टॅक्स कमी करायला ते चालत नाही. तेव्हा त्याच्यामागे वेळ घालवू नका, सिव्हिलची तारीख आधी घ्या, आणि न्यूरोलॉजिस्टच्या पुढच्या व्हिजिटला अफेझियाचं विचारायला विसरू नका.